यूदा कोण करणार?

आमच्या वटार गावात एखाद्या मुलाचं लग्न लवकर जमत नसलं की बायका आवाज खाली आणून विचारतात, "टीचरच्या नाटकात यूदा केलेला का त्याने?" उत्तर 'हो' आलं की सगळ्या माना डोलावतात. मुलाचा पगार, वाडी, घर यांची चौकशी मग कोणी करत नाही.

दरवर्षी गुड फ्रायडेच्या दिवशी चर्चमधला विधी आटोपला की सगळं गाव टीचरच्या वाडीत जमतं आणि तिथे येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. यूदा म्हणजे तो शिष्य, ज्याने चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूचा मुका घेतला आणि त्याला पकडून दिलं. येशू करायला रांग लागते. पिलात सुभेदाराची भूमिका मिळावी म्हणून मोठी माणसं टीचरच्या घरी पपनस घेऊन जायची. सैनिकांना तर आवरावं लागायचं. यूदा मात्र कोणालाच नको असायचा.

टीचरना याची गंमत वाटायची. ईस्टरच्या आधी येणाऱ्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा प्रार्थना झाल्यावर, त्या सगळ्या भूमिका वाटायच्या आणि यूदा मुद्दाम शेवटी ठेवायच्या. मग आपल्या घडीच्या स्टुलावर बसून समोरच्या माणसांकडे अशा बघायच्या की चांगले धट्टेकट्टे पुरुष चपला शोधायला लागायचे.

"यूदा मिळत नाय?" त्या विचारायच्या. "वर्षभर तर गावात पुष्कळ असतात."

एकदा एका आईने त्यांना वाटेतच अडवलं. "टीचर, माझ्या पोराला सैनिक करा, गाढव करा, झाड करून उभा करा. पण हे नको. मे महिन्यात मुलगी बघायला जायचंय."

"मे कशाला? तिलाच नाटकाला घेऊन ये."

"काय बोलता टीचर!"

"ह्याचा यूदा बघून पण हो म्हणाली, तर संसार टिकला म्हणून समज."

मुलगी आली, नाटक बघितलं, हो म्हणाली. आज ती दोघं विरारला असतात. भांडण झालं की ती नवऱ्याला सुनावते, "मला काय सांगतोस? मी तुला यूदा असतानाच बघितलाय."

टीचर आमच्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही. वडिलांनी ठेवलेल्या वाडीत एकट्या राहायच्या. नारळ, केळी, थोडी पानवेल आणि विहिरीजवळ सोनचाफा. वाडीच्या मधोमध एक जागा त्यांनी कायम मोकळी ठेवली होती. तिथे एक केळ लावू द्यायच्या नाहीत. भाव विचारायला आलेल्या एका दलालाने म्हटलं, "बाई, एवढी जागा तर नुसती पडून आहे." टीचर म्हणाल्या, "पडून कुठे? तिथे गुड फ्रायडे पिकतो."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळेची शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि पायऱ्या नाहीत, तर त्या शून्य द्यायच्या. पायऱ्या बरोबर आणि उत्तर चुकलं, तर जवळजवळ पूर्ण गुण. पालक भांडायला आले की म्हणायच्या, "उत्तर शेजाऱ्याचं असू शकतं. पायऱ्या स्वतःच्या असतात."

मी पत्रकांवर वाढले. माझी बाराखडी 'जाहीर निषेध'पासून सुरू झाली. पप्पा नोकरी सांभाळून गावाच्या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी लढायचे. आमच्या पडवीत खुर्च्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे, आणि पाहुणे त्यांच्यावरच बसायचे. ज्या लिखाणाने कोणाची झोप उडत नाही ते लिखाण वाया गेलं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. त्यामुळे टीचरशी माझं पटायचं काही कारण नव्हतं. त्या सभेला यायच्या नाहीत, पत्रकावर सही करायच्या नाहीत. बाजू न घेणारी माणसं मला भित्री वाटतात. पण टीचरना भित्री म्हणणं मला कधी जमलं नाही. दलालांना त्या छत्रीने हाकलायच्या. आमदारकीला उभा राहिलेला एकजण नाटकाच्या आधी दोन शब्द बोलायला आला, तेव्हा त्याला त्यांनी खांद्याला धरून शेवटच्या रांगेत बसवलं आणि शिट्टी वाजवून सांगितलं, "नाटक संपेपर्यंत उठायचं नाय." तो उठला नाही.

त्यांचं खरं वेड नट घडवण्यात होतं. पाठांतर त्यांना पुरायचं नाही. पेत्र हा शिष्य मूळचा मच्छीमार. म्हणून पेत्र करणाऱ्याला त्या पहाटे पाचूबंदरला पाठवायच्या. तिथे होडी ओढायची, जाळी उचलायची, मासळीचा लिलाव संपेपर्यंत उभं राहायचं. परत आल्यावर टीचर त्याचे हात हुंगायच्या आणि मगच संवाद द्यायच्या. एका वर्षी पेत्र होता बँकेतला कारकून. होडीत त्याला इतकं मळमळलं की कोळ्यांनी त्याला उचलून धक्क्यावर ठेवला. तो पांढराफटक होऊन टीचरसमोर उभा राहिला. "टीचर, मला नाय जमणार. मला पान्याची भीती वाटते." टीचरना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. "अरे, पेत्र पाण्यावर चालायला गेला आणि घाबरून बुडायला लागला, ते वाचलंस ना? मला घाबरणाराच पाहिजे होता!"

पिलात करणाऱ्याला त्या एखाद्या सरकारी कचेरीत पाठवायच्या. काम काढायचं नाही, नुसतं बाकावर बसायचं आणि साहेब 'नाही' कसं म्हणतो ते बघायचं. बायबलमध्ये पिलात निवाडा देताना लोकांसमोर हात धुतो आणि म्हणतो, ह्या रक्ताची जबाबदारी माझी नाही. आमच्या नाटकात पितळेचं घंगाळ असायचं, पाणी असायचं. एका वर्षीचा पिलात, आमचा दूधवाला, दिवसभर कचेरीत बसून आला आणि म्हणाला, "टीचर, घंगाळ नको." प्रयोगात त्याने फक्त समोरचे कागद सारखे केले, घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं आणि उठून गेला.  माझे पप्पा, ज्यांनी अशा मनगटांपुढे आयुष्य काढलं, माझ्या कानात म्हणाले, "माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून हे आलं नाय." त्या दिवसापासून घंगाळ बंद झालं.

पिलाताचा झगा मात्र दरवर्षी नवा असायचा. टीचरचे सत्कार होत आणि सत्कारात शाली मिळत. त्या सगळ्या शाली पिलाताच्या आणि हेरोद राजाच्या अंगावर जायच्या. "अशी शाल अंगावर पडली की माणूस आपोआप सुभेदारासारखा बसतो," त्या सांगायच्या. "मी आरशात बघितलंय."

नाटकाला लिहिलेली संहिता नव्हती. टीचर प्रसंग सांगायच्या आणि प्रत्येकाने आपला संवाद आपल्या घरच्या बोलीत आणायचा. पुस्तकी मराठी आली की शिट्टी. इथे मी सगळ्यांना कळावं म्हणून साधी मराठी लिहितेय, पण आमच्या नाटकातला येशू आमच्या आजोबांसारखा बोलायचा. एकदा मुंबईहून काही अभ्यासू मंडळी आली. फार आदराने बोलत होती. "संहिता द्या, आम्ही छापतो. तुमच्यामागे काहीतरी राहायला हवं."

"संहिता?" टीचरनी कुंपणाबाहेर बोट दाखवलं. "ती बघा चालली."

रस्त्यावरून आमचा पिलात सायकलला केळ्यांचा लोंगर बांधून चालला होता.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं होतं. बाहेर बावखलं बुजवतात, विहिरी मचूळ होतात, आणि तुम्ही दरवर्षी तीच दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगता. कशासाठी? चिडतील असं वाटलं होतं. पण गणित घातल्यावर मुलगी निदान विचार करतेय एवढ्या समाधानाने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वर्षातून एकदा हे गाव दुसऱ्याचं बोलणं पाठ करतं, बाय. बाकीचं वर्षभर आपापलंच बोलत असतात."

ते बावखलाचं सांगायला हवं, कारण त्याच्यामुळेच टीचरचं नाटक बंद पडायची वेळ आली.

बावखल म्हणजे वाड्यांमधलं जुनं तळं. पावसाचं गोडं पाणी तिथे साठतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. आमच्या आळीतलं बावखल वाटणीत माझ्या काकांच्या नावावर आलं होतं. ते वाचवण्यासाठी पप्पांनी पत्रकं काढली, सभा घेतल्या. मी घोषणा लिहिल्या. आणि एके दिवशी कळलं की काकांनी ते बिल्डरला विकलं. सख्ख्या भावाने. पावसाच्या आधी मातीचे डंपर आले, पाऊस संपला तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण होतं. काका बोळिंजला नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. आमच्या विहिरीचं पाणी चहाला चालेना. पप्पांनी भावाचं नाव घेणं सोडलं, आणि गावाने काकांना लग्नाला, बारशाला बोलावणं सोडलं. मी ह्याला अन्याय म्हणत नाही. ज्याने पाणी विकलं त्याला गावाने तहान दाखवली, इतकंच.

पुढच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी टीचरच्या वाडीत भूमिका वाटणं चालू होतं आणि काका आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. माणसं आपोआप बाजूला झाली. ते थेट स्टुलासमोर उभे राहिले.

"टीचर, यंदा यूदा मला द्या. तुम्हाला कोणी मिळत नाय, आणि मला तर सगळे तेच म्हणतात."

कोणीतरी हसलं. पप्पा जमिनीकडे बघत होते.

"नाय देणार," टीचर म्हणाल्या.

"का?"

"तुला तो सोपा जाईल. तू पेत्र कर."

वाडीत एकदम गलका झाला. पेत्र म्हणजे पुढे ज्याच्या नावावर चर्च उभं राहिलं तो! टीचर मात्र शांत होत्या. येशूला पकडल्यावर पेत्रानेही दगाच दिला होता. शेकोटीजवळ उभं राहून तीनदा सांगितलं होतं, मी त्या माणसाला ओळखत नाही. "दोघांनी दगा दिला," टीचर म्हणाल्या. "एक निघून गेला. एक लाज घेऊन तिथेच राहिला. राहणं अवघड."

काकांचा चेहरा उतरला. "टीचर, मी का विकलं ते सांगू?"

"मला नको सांगू. कारणं पिलाताला सांगायची."

मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि माझ्याकडे बोट केलं. "यूदा तू."

आई किंचाळलीच. "टीचर, मुलगी आहे ती!"

"मुका घ्यायला दाढी कशाला लागते?"

मी उठून उभी राहिले. "मी? बावखलासाठी मी उन्हात उभी राहिले आणि यूदा मी? आणि विकणारा पेत्र?"

"तूच," त्या म्हणाल्या. "एका जेवणात एका बाईने येशूच्या पायांवर महागाचं अत्तर ओतलं, तेव्हा कोण उठून म्हणालं, हे विकून गरिबांना का दिलं नाही? यूदा. बरोबरच बोलला की नाय? त्या जेवणात सगळ्यात तत्त्वाचं बोलणारा तोच होता. तो चोर होता असं लिहिलंय, पण ते नंतर लिहिलंय. त्या वेळी ऐकणाऱ्याला तो पत्रक वाचल्यासारखाच वाटला असणार. असा माणूस तिथपर्यंत कुठल्या पायऱ्यांनी गेला, ते मला तुझ्याकडून बघायचंय. पैशाला भुललेला यूदा मी खूप बघितलाय."

मी निघून आले. मी एकटी नाही. येशू गेला, पिलात गेला, सैनिक गेले. काकांबरोबर उभं राहायला कोणी तयार नव्हतं.

आणि पप्पा गेले. पप्पांचं नाटकात एकच काम होतं आणि त्यात एकही शब्द नव्हता. पेत्राने तिसऱ्यांदा नाकारलं की कोंबडा आरवतो, आणि मग पेत्राला आपण काय केलं ते कळतं आणि तो रडतो. तो कोंबडा म्हणजे पप्पा. केळीआड उभे राहून ते असे आरवायचे की आळीतले खरे कोंबडे भर संध्याकाळी उत्तर द्यायचे. आता त्यांना सख्ख्या भावासाठी आरवावं लागणार होतं. दारातून बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, "टीचरना दुसरा कोंबडा बघायला सांगा."

गावाला वाटलं, टीचर नमतील. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाडीत गेल्या आणि एकट्यांनी तालीम सुरू केली.

ते दृश्य मी कुंपणाबाहेरून बघितलंय. सत्तरी ओलांडलेली बाई मोकळ्या जागेत उभी, आणि समोर फक्त माझे काका. टीचर स्वतःच येशू होत होत्या, मग चार पावलं पलीकडे जाऊन सैनिक, मग स्टुलावर बसून पिलात. सैनिक होऊन ज्याला ढकललं तो येशू होऊन त्याच पडत होत्या. उठून साडी झटकायच्या आणि पुढचा प्रसंग. रस्त्यावरून जाणारे थांबायचे. कोणी हसलं, तर त्या हसणाऱ्याकडे न बघता तोच प्रसंग पुन्हा करायच्या. रोज दुपारी. त्यांच्याकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की एखादं काम माणसाच्या हातात नसतं, माणूस त्या कामाच्या हातात असतो.

पण एक गोष्ट सगळ्यांना खटकत होती. टीचर सगळ्या भूमिका फार वाईट करत होत्या. पिलात तर नाटककंपनीतल्या राजासारखा हात फेकून ओरडायचा.

पहिला मोडला तो आमचा दूधवाला. सायकल कुंपणाला टेकवून तो उभा होता. थोडा वेळ सहन केलं त्याने.

"टीचर, पिलात असा नाय बोलत."

"मग कसा बोलतो?"

"हळू बोलतो. ओरडायची त्याला गरज काय?"

"मला नाय जमत. तू दाखव."

"मी नाटकात नाय," तो म्हणाला. "नुसतं दाखवतो." आणि कुंपण ओलांडून आत आला. स्टुलावर बसला. पुन्हा उठला नाही.

मग येशू आला, कारण टीचरचा येशू क्रूस छत्रीसारखा बगलेत धरून चालत होता. सैनिक आले. काकांशी कोणी बोललं नाही, पण त्यांच्या संवादाला उत्तर देणं भाग होतं. आणि मी? टीचर यूदा करताना तीस नाणी देणाऱ्या याजकांच्या पायांवर लोळत होत्या, गयावया करत होत्या, नाणी बघून डोळे फिरवत होत्या. मला ते बघवेना.

"यूदा असा लाचार नव्हता!" मी कुंपणाबाहेरून ओरडले.

"तुला काय माहीत?"

"त्याला वाटलं असणार, की हे थांबवणं गरजेचं आहे. त्याची खात्री असणार. तो ताठ गेला असणार."

"बोलून दाखव."

मी आत गेले आणि बोलले. काकांसमोर, सगळ्यांसमोर. माझ्याच पत्रकांतली वाक्यं माझ्या तोंडून येत होती, आणि ती याजकांना फार आवडत होती. माझं बोलून झालं. टीचर म्हणाल्या, "पायऱ्या दिसल्या." त्यांनी मुद्दाम वाईट केलं का, हे मी त्यांना नंतर विचारलं. "मी गणिताची बाई," त्या म्हणाल्या, "मला कुठे नाटक येतं?"

काकांनी बावखल विकलं ते चूकच होतं, हे मी आजही म्हणते. टीचरनी त्याबद्दल मला कधी गप्प केलं नाही. पण माझ्या पत्रकाने एक माणूस परत आणला नव्हता, आणि त्यांच्या वाईट पिलाताने सगळे आणले. फक्त पप्पा सोडून.

गुड फ्रायडेच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला तरी कोंबडा नव्हता. तालमीत पेत्र तिसऱ्यांदा नाकारायचा, आणि मग नुसती शांतता. एका सैनिकाने मोबाईल काढला. "टीचर, इथे कोंबड्याचा आवाज आहे. ब्लूटूथवर लावू, भारी वाजेल."

"मग पेत्र पण मोबाईलवरच आणा," टीचर म्हणाल्या. "आणि तुम्ही घरी झोपा."

दुसऱ्या कोणाला आरवू देत नव्हत्या. माझ्या घरी येऊन पप्पांना एक शब्द सांगत नव्हत्या. मी हात जोडले. "टीचर, तुम्ही बोललात तर ते ऐकतील."

"कोंबड्याला कोणी सांगायला जातं का, की उजाडलं?"

"आणि नाही आले तर?"

टीचर हळूच स्टुलावर बसल्या. त्या वर्षी त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसायला लागलं होतं. रोज दुपारी पडून पडून गुडघे सुजले होते. "नाय आला तर पेत्र तिथेच उभा राहील. लोक वाट बघतील, मग उठून जातील. अर्ध्यावर मोडलेलं नाटक मी पुढच्या वर्षी कुठून सुरू करू? मग ह्या जागेत केळी लावेन."

हे मी घरी पप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत राहिले. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला, मचूळ पाण्याचा. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप माझ्याकडे सरकवला. "हे प्यायला सांग टीचरना," ते म्हणाले. 

गुड फ्रायडेला वाडी भरली. इतकी माणसं मी तिथे कधी बघितली नव्हती. काहीजण काकांना बघायला आले होते आणि ते लपवतही नव्हते. मी यूदा केला. येशूच्या गालाचा मुका घेतला, सैनिकांनी त्याला बांधलं, आणि माझं काम काही वेळापुरतं संपलं. मी पानवेलीच्या मांडवाशी उभी राहिले. तिथून केळीमागची पप्पांची जागा दिसत होती. तिथे कोणी नव्हतं.

शेकोटी पेटली. काका तिच्याजवळ आले. दासी झालेल्या मुलीने विचारलं, तू त्याच्याबरोबर होतास ना? "नाय." दुसऱ्याने विचारलं. "मी नाय तो." मग तिसरा, आमचा शेजारी, त्यांच्या तोंडाजवळ जाऊन म्हणाला, "तुझी बोलीच सांगते तू कुठला ते."

बायबलमधलंच वाक्य ते. पण काका अडखळले. मग म्हणाले, "मी त्या माणसाला ओळखत नाय."

आणि शांतता पसरली.

काका उभे राहिले. तालमीत हे इतक्या वेळा झालं होतं, तरी त्यांना हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. बांधलेला येशू थांबला, सैनिक थांबले. झावळ्या सळसळल्या. एका लहान मुलाने विचारलं, "संपलं?" आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. मागच्या रांगेत कोणीतरी पायजमा झटकत उठलं, त्याच्याबरोबर आणखी दोघं. टीचर स्टुलावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. त्यांची उभी हयात त्या मोकळ्या जागेत होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर संपत होती. प्रयोग चालू असताना टीचर कधी बोलत नसत. तेव्हाही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात तो आवाज आला.

तो केळीमागून नाही, लोकांच्या अगदी मागून, रस्त्याच्या बाजूने आला. फाटलेला, मध्येच तुटलेला आवाज. कोंबड्यासारखा तर अजिबात नव्हता. आळीतला एकही कोंबडा त्याला फसला नाही. सगळ्यांनी मागे बघितलं. पप्पा कुंपणाला धरून उभे होते, आत न येता. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा आरवले, या वेळी भावाकडे बघून.

काका मटकन खाली बसले. तोंडावर हात नाही, काही नाही. सातव्या मजल्यावरून उतरून आलेला तो इस्त्रीचा माणूस आमच्या मातीत बसून हुंदके देत होता. हे नाटकात ठरलेलं नव्हतं. टीचरनी त्यांना रडायला कधी शिकवलंच नव्हतं. पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना. सैनिक आपला भाला विसरून डोळे पुसत होता, येशू बांधलेल्या हातांनी काकांकडे जायला निघाला होता, आणि लोक उठून उभे राहिले होते, जणू सगळं इथेच संपलं.

टीचरनी त्या एका वेळी आपला नियम मोडला. मागे वळून पप्पांकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही. गणिताच्या तासाला फळ्याजवळ अडकलेल्या मुलाला सांगावं तशा आवाजात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "पुढे."